राखेवरचा डाग

गाड्या नुकत्याच बैलांवाचून चालायला शिकल्या होत्या, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनो, जवळ सरका. मोठ्यांनो, तुम्हीही ऐका.

डोंगराच्या कुशीत तांबटांचं एक गाव होतं. तिथली एक रीत होती. नवं भांडं घडलं, की ते सकाळी पाण्याने भरून दारापुढे कोरड्या राखेवर ठेवायचं. दिवस मावळताना गाव जमायचा, भांडं उचलायचा आणि राख बघायचा. राख कोरडी, तर भांडं खरं. राखेवर डाग, तर भांडं पुन्हा भट्टीकडे.

त्या गावात एक म्हातारी सुईण होती. निम्मं गाव तिच्याच हातांवर जन्मलं होतं. आता तिचे गुडघे थकले होते, आणि घाटापलीकडच्या वस्तीला दुसरी सुईण नव्हती. एका तरुण तांबटाने मनाशी ठरवलं, की आजीसाठी तेलावर चालणारी छोटी गाडी बांधायची. त्याची आई बाळंतपणातून वाचली होती ती या आजीमुळेच.

गाडी उभी राहिली. अडलं ते तेलाच्या टाकीपाशी. आसनाखालची जागा अडनिडी, तयार टाकी तिथे बसेना. लोखंडाची करावी तर गाडी घाट चढेना. म्हणून त्याने हलका पांढरा पत्रा आणला, मापाने वाकवला, कडा जुळवल्या. पण हा पत्रा तांब्यासारखा डाखाला, म्हणजे जोड सांधणाऱ्या वितळल्या धातूला, दाद देईना. कसेबसे जोड बसले, आणि टाकी पाण्याने भरून राखेवर गेली.

दुपारी त्याने एकट्यानेच टाकी हळूच कलती करून पाहिली. राखेवर तिळाएवढा डाग होता.

त्याच्या घरचं एकही भांडं आजवर भट्टीकडे परतलं नव्हतं. शिवाय आजी तर गाडीत बसायचं म्हणून ठेवणीतलं लुगडं काढून बसली होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं. जोडावर बाहेरून राळ आणि मेण चोपडलं, राख बदलली.

संध्याकाळी राख कोरडी निघाली. गाव आनंदला. आजीने टाकीवर हात फिरवला, पोटुशीच्या पोटावर फिरवावा तसा.

"काय रे, आतून ठीक आहे ना?"

"ठीक आहे, आजी," तो म्हणाला, आणि चाकाकडे बघत राहिला.

चार दिवस गेले. मग एका सकाळी घाटापलीकडून एक माणूस धावत आला. "आजी, बायको अडलीय. बाळ आडवं आहे म्हणतात."

तांबटाने टाकी तेलाने भरली, आजीला बसवलं आणि गाडी घाटाला लागली. तो माणूस पाऊलवाटेने पुढे पळाला. अर्ध्या चढावर गाडी खोकली आणि थांबली. त्याने मागे पाहिलं. वळणावळणाने आलेल्या वाटेवर तेलाच्या थेंबांची काळी रेघ उमटली होती. जे मेण पाण्यापुढे टिकलं, ते तेलाने विरघळून गेलं होतं.

तो आजीकडे वळला. "आजी, डाग मी पाहिला होता. वरून मेण लावलं."

आजीने वाटेवरच्या काळ्या रेघेकडे पाहिलं.

"तिचे दिवस भरलेत, हे मला ठाऊक होतं रे. तू सांगितलं असतंस, तर मी आधीच काठी टेकत पलीकडे जाऊन राहिले असते. गाडीच्या भरवशावर थांबले मी."

तो हमसून रडू लागला.

"आता रडतोस काय? वाक खाली. जन्मलास तेव्हा मी उचललं तुला, आज तू उचल मला. आणि सांभाळून हो, मी टाकीइतकी हलकी नाही!"

आजीला पाठीवर घेऊन त्याने उरलेला घाट ओलांडला. दाराबाहेर तो बसून राहिला. आत आजीने हलक्या हातांनी बाळ फिरवलं. बाळ जन्मलं, पण रडेना. फार वेळाने रडलं, तेव्हा त्याने कपाळ मातीला टेकवलं. बाळाच्या आईला मात्र पुढच्या सुगीपर्यंत अंथरूण सोडता आलं नाही.

परतल्यावर त्याने टाकी गावापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. मग टाकी रिकामी केली, रिठ्याच्या पाण्याने आतून धुतली, उन्हात वाळवली. तेलात न विरघळणारा सरस पातळ करून आत ओतला. एका बाजूने त्याने टाकी धरली, दुसऱ्या बाजूने आजीने.

"हळू. कुशीवर घे. आता पालथी. कोपऱ्यात पोचू दे त्याला," आजी सांगत होती. बाळ फिरवावं तशी दोघांनी टाकी फिरवली. उरलेला सरस निथळला, आतला थर सुकला. या वेळी त्याने टाकीत पाणी नाही, तेल भरलं.

"मेण नाही ना लावलंस?" गर्दीतून कुणी टोमणा मारला.

"हात लावून बघ," तो म्हणाला, आणि सगळे जोड त्याने लोकांकडे वळवून ठेवले.

राख कोरडी राहिली. आजी त्या गाडीतून पुढे कितीतरी बाळांपर्यंत वेळेवर पोचली.

तेव्हापासून त्या गावात भांडं उचलायचा मान घडवणाऱ्यालाच असतो. डाग पडला असेल तर तोच आधी बोट ठेवून दाखवतो, आणि त्याला कुणी हसत नाही.

बोध एवढाच: लपवलेली गळती थांबत नाही, आपल्यावर विसंबलेल्या माणसाच्या वाटेवर ती जाऊन गळते.