टिक्या काय सांगत होता

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नेमकी किती वर्षं झाली ते मला विचारू नका. मोजायला मी तेव्हा नव्हतो आणि तुम्हीही नव्हता. नदीकाठी एक गाव होतं आणि त्या गावात एक कुंभार राहायचा. त्याचं नाव काही मी सांगणार नाही. गोष्टीत त्याची थोडी फजिती आहे, आणि गेलेल्या माणसाची फजिती नावानिशी सांगू नये.

कुंभाराच्या हातात कसब होतंच, पण त्याहून तयार होता त्याचा कान. भट्टी उघडली की तो एकेक मडकं डाव्या तळहातावर घ्यायचा, उजव्या हाताच्या बोटाने टिचकी मारायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. टण्ण वाजलं की मडकं पक्कं. बद्द वाजलं की कुठेतरी चीर आहे, मग ती डोळ्याला दिसो वा न दिसो. तसलं मडकं तो तिथल्या तिथे बाजूला काढायचा. म्हणून तर गावातल्या प्रत्येक लग्नाची मडकी त्याच्या दारातून वाजतगाजत जायची. हा मान त्याला बापाकडून मिळाला होता आणि बापाला आजोबाकडून.

कुंभाराला मूलबाळ नव्हतं. नवरा-बायको दोघंच. एकदा कुंभारीण नदीवरून येताना पदरात कुत्र्याचं पिल्लू घेऊन आली. काळंकुळं, आणि कपाळावर पांढरा टिक्का. नाव ठेवलं टिक्या. तिने त्याला बोटाने दूध पाजलं, मांडीवर निजवलं, आणि वर्षभरात पिल्लाचा चांगला दांडगा कुत्रा झाला.

आणि मग तो भुंकायला लागला.

भुंकणं म्हणजे किती भुंकावं! गल्लीतून माणूस गेला, भुंकला. शेळी गेली, भुंकला. कावळा बसला, भुंकला. कावळा उडाला, तरी भुंकला. कोणीच आलं नाही तर त्याचाही जाब विचारल्यासारखा भुंकला. शेजारी एक कोष्टी राहायचा. मागावर बसून तो धागे मोजायचा आणि दर भुंकण्याला त्याची मोजणी चुकायची. "अहो कुंभारदादा," तो कुंपणापलीकडून ओरडायचा, "तुमच्या त्या लाडक्याला आवरा! नाहीतर त्यालाच मागावर बसवा आणि मी येतो तुमच्या दारात भुंकायला!"

कुंभार चाकावरून ओरडायचा, "ए टिक्या, गप! गप म्हणतो ना!" तो जितका मोठ्याने ओरडायचा, तितका टिक्याला जोर चढायचा. शेवटी कुंभारीण चुलीपुढून उठायची आणि भाकरीचा तुकडा त्याच्यापुढे टाकायची. "घे रे बाबा, खा आणि उसंत दे." टिक्या तुकडा खायचा, मिशा चाटायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. मग दुसरा तुकडा. असं दिवसभर चालायचं.

लोकांनी सल्ले दिले. सल्ले द्यायला काय जातं? कोणी म्हणालं, दोरी आखूड करून परसात बांधा. तसं केलं तर तो घसा बसेपर्यंत केकाटला. कोणी म्हणालं, तोंडच बांधा. तेव्हा कुंभारीण कमरेला पदर खोचून पुढे आली. "त्याचं तोंड बांधायचं असेल तर आधी माझं बांधा," ती म्हणाली. तिचं तोंड बांधायची छाती अख्ख्या गावात कोणाला नव्हती.

पुढे पाटलाच्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं. भट्टी उघडली आणि कुंभार मडकी वाजवायला बसला. टिचकी मारली की टिक्या भुंकायचा. कान लावला की टिक्या भुंकायचा. कुंभार वैतागला. वाजलं असेल टण्ण, असं म्हणत त्याने ऐकल्या न ऐकल्यासारखं करून मडकी उचलून दिली. ऐन लग्नात बोहल्याशेजारचं पाण्याचं मडकं झिरपलं. अक्षता पडेपर्यंत मडकं अर्धं रिकामं झालं आणि वरमाईच्या नव्याकोऱ्या लुगड्याला हा एवढा चिखल लागला.

दुसऱ्या दिवशी पाटील दारात हजर.

"कुंभारा, तुझ्या कानाला झालंय तरी काय?"

"कान ठीक आहे, पाटील. हे कुत्रं ऐकू देत नाही."

"मग नीट ऐक. धाकटीचं लग्न महिन्यावर आलंय. त्या मडक्यांची भट्टी उघडशील तेव्हा मी स्वतः येऊन बसणार. माझ्या घरी एक जरी मडकं गळकं आलं, तर यापुढे गावातल्या लग्नांची मडकी परगावाहून येतील. आणि हा तुझा टिक्या जाईल जंगलात."

जंगलात बिबट्या होता. गप्प बसणाऱ्या कुत्र्याला तो शोधत फिरला असता, भुंकणाऱ्याला शोधायचीही गरज नव्हती. कुंभारीण त्या दिवशी जेवली नाही. कुंभारालाही घास गोड लागला नाही. कितीही झालं तरी टिक्या त्या घरातलं एकुलतं एक पोर होतं.

चार दिवसांनी एक धनगरीण आजी दुधासाठी मडकं घ्यायला आली. तिची मेंढरं नदीकाठी बसली होती आणि मेंढरांभोवती तिची चार कुत्री. आजी अंगणात आली तसा टिक्या तुटून पडल्यासारखा भुंकला. आजीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कुंभाराने हात जोडले. "आजी, तुमची चार-चार कुत्री. गावाला पत्ता लागत नाही तुम्ही आलात कधी आणि गेलात कधी. त्यांना गप्प कसं केलंत?"

"गप्प कशाला करू? गप्प कुत्रं ठेवून लांडग्याला जेवायला बोलवू होय?" आजी हसली. "ती बोलतात, पण कामापुरतं. तुझा कशासाठी भुंकतो?"

"कशासाठीही नाही. उगाच भुंकतो."

"उगाच?" आजीने टेकायला भिंत शोधली आणि फतकल मारून बसली. "उगाच तर माणसंच बोलतात, लेका. आज चाक फिरवू नकोस. बस माझ्याजवळ. त्या फुटक्या खापऱ्या घे जवळ. हा भुंकला की भुंकण्याच्या आधी काय झालं ते बघायचं आणि एक खापरी टाकायची. दारावरून कोणी गेलं म्हणून भुंकला तर इकडे टाक. एकटा पडला म्हणून भुंकला तर तिकडे. आणि ज्याचं कारण कळणार नाही, ती खापरी मधे टाक."

कुंभाराला वाटलं, म्हातारी चळली. पण दुसरा उपाय तरी काय होता? तो बसला. सकाळ सरली, दुपार झाली. फाटकासमोरच बांधलेला असल्यामुळे टिक्याला गल्लीतलं पानसुद्धा हललेलं दिसत होतं, तेव्हा पहिला ढीग बरा मोठा झाला. कुंभारीण पाण्याला गेली, कुंभार आणि आजी मुद्दाम परसात लपले, तेव्हा लांबलचक रडका सूर निघाला. तो दुसरा ढीग. पण सगळ्यांत मोठा झाला मधला.

"हे बघा, आताही उगाचच," कुंभार म्हणाला.

"उगाच नाही. भुंकताना तो बघतोय कुठे?"

कुंभाराने पाहिलं. टिक्या गल्लीकडे बघत नव्हता, झाडाकडे बघत नव्हता. तो भुंकत होता आणि चुलीकडे बघत होता. कुंभारीण भाकरीचा तुकडा मोडून उठतच होती.

तुकडा तिच्या हातातच राहिला. "अगं बाई," ती म्हणाली, "म्हणजे हे मीच शिकवलं त्याला?"

"तू भाकरी देऊन शिकवलंस आणि तुझ्या नवऱ्याने आरडाओरडा करून," आजी म्हणाली. "हा ओरडतो तेव्हा टिक्याला वाटतं, धनीही भुंकतोय, म्हणजे भुंकण्यासारखं काहीतरी असणारच. दोघं मिळून भुंकता तुम्ही!"

कुंभारीण त्या दुःखातही खुदकन हसली. कुंभार मात्र खाली बघत होता.

आजीचा आवाज जरा मऊ झाला. "मडक्यातली न दिसणारी चीर तुला एका टिचकीत कळते. हा जीव दोन वर्षं तुझ्या दारात वाजतोय, त्याला एकदा तरी कान तिरका करून ऐकलंस का?"

कुंभाराने टिक्याच्या कपाळावरून हात फिरवला. त्याचे डोळे भरून आले होते.

आजीने जाताना सांगितलं ते साधंच होतं. टिक्याला फाटकापासून हलवा आणि फाटकाला बांबूच्या तट्ट्या लावा, म्हणजे त्याला गल्ली दिसणार नाही. रोज पहाटे माती आणायला जाता, तेव्हा त्याला बरोबर घ्या, चांगला दमवा. घरी आल्यावर चाकाजवळ त्याच्यासाठी एक पोतं टाका, म्हणजे तो एकटा पडणार नाही. भुंकला तर ओरडू नका. उठा, काय आहे ते बघा, "पाहिलं" म्हणा आणि कामाला लागा. आणि भाकरी मिळेल ती फक्त गप्प असताना.

"पण पोरी," आजीने कुंभारिणीला बजावलं, "आधी भुंकणं वाढेल. त्याला वाटेल, हिला ऐकू आलं नाही वाटतं. तेव्हा विरघळलीस तर सगळं मुसळ केरात."

झालंही तसंच. पहिले तीन दिवस टिक्याने आकाश डोक्यावर घेतलं. कोष्टी तर माग सोडून देवळात जाऊन बसला. चौथ्या दिवशी टिक्याने असा काही केविलवाणा सूर लावला, की कुंभारिणीला राहवलं नाही आणि तिने तुकडा टाकला. झालं! पुढचे दोन दिवस तो दुप्पट भुंकला. तेव्हापासून भाकरी करताना ती ओठ दाताखाली धरून बसायची, पण उठायची नाही. तो दम घ्यायला थांबला की मात्र लगेच तुकडा आणि पाठीवर हात. "शहाणं माझं बाळ."

कुत्रं काही खुळं नसतं. भुंकून मिळत नाही, गप्प बसून मिळतं, एवढा हिशोब टिक्याने दहा-बारा दिवसांत जमवला. पहाटे नदीवर धावून दमलेला टिक्या दिवसा पोत्यावर पडून फिरत्या चाकाकडे बघत राहायचा. कोणी आलं तर दोनदा भुंकायचा. कुंभार उठायचा, बघायचा, "पाहिलं रे" म्हणायचा. टिक्या पुन्हा पोत्यावर. आणि कुंभाराला एक मौज कळली. ओळखीच्या माणसाला टिक्याचा सूर वेगळा होता, परक्याला वेगळा, आणि मांजराला तर भलताच.

भट्टी उघडायचा दिवस आला. पाटील बाजेवर येऊन बसले. अर्धं गाव जमलं. दुपारची वेळ, वारा सुटलेला. कुंभाराने राख बाजूला केली, एकेक मडकं तळहातावर घेतलं आणि टिचकी मारली. टण्ण. टण्ण. टण्ण. इतकी माणसं अंगणात, तरी टिक्या पोत्यावर बसून होता. तीन मडकी बद्द वाजली. कुंभाराने ती बाजूला काढली. बाकीची एकावर एक चढत गेली.

शेवटचं मडकं हातात होतं आणि टिक्या उठला. कोष्ट्याच्या कुंपणाकडे तोंड करून भुंकला. आखूड, जाड, पुन्हा पुन्हा.

"झालं सुरू!" लोक हसले.

"कुंभारा, अट लक्षात आहे ना?" पाटील म्हणाले.

"अहो, त्याला जरा वेळ द्या..." कुंभारिणीचा चेहरा पांढरा पडला.

जुना कुंभार असता तर "गप" म्हणून ओरडला असता. या कुंभाराने मान तिरकी केली. क्षणभर ऐकलं आणि हातातलं मडकं खाली ठेवलं.

"पाटील, हा आवाज मी आजवर ऐकलेला नाही. मला बघायला पाहिजे." आणि पाटलाला बाजेवर तसाच सोडून तो कुंपणाकडे धावला.

भट्टीतली एक ठिणगी वाऱ्याने पलीकडे नेली होती. कोष्ट्याच्या गवती छपरीच्या कडेने धूर निघत होता. छपरीत त्याचं वर्षाचं सूत होतं, आणि पाटलाच्या धाकट्या लेकीचा शालूही तिथेच, मागावर चढवलेला. कोष्टी स्वतः मडकी बघायला इकडे आलेला.

"आग! पाणी आणा!"

पाणी कशातून आणणार? समोर नवी मडकी रचलेली होती. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने उचललं. नदीपासून छपरीपर्यंत माणसांची रांग लागली आणि मडकी हातोहात फिरली. पाटीलही रांगेत उभे राहिले, धोतर खोचून. गवत थोडं जळलं. सूत वाचलं, शालू वाचला, कोष्ट्याचं घर वाचलं.

सगळे धापा टाकत बसले तेव्हा पाटलांचं लक्ष हातातल्या मडक्याकडे गेलं. ते काठोकाठ भरलेलं होतं. त्यांनी खालून हात फिरवला. कोरडं! दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. सगळी मडकी बघितली. एकही झिरपत नव्हतं.

"कुंभारा," पाटील म्हणाले, "मडकी मी वाजवून बघणार होतो. आता काय वाजवायची? उद्या वाजंत्री पाठवतो."

कोष्टी टिक्याजवळ गेला, बसला आणि त्याच्या गळ्यात हात घालून रडला. महिनाभरात त्याने टिक्यासाठी जाड सुताची सतरंजी विणून आणली आणि कुंभाराच्या चाकाजवळचं पोतं काढून तिथे अंथरली. लग्नाच्या मिरवणुकीत वाजंत्र्यांना मात्र टिक्या भुंकला, पोटभर भुंकला, आणि त्या दिवशी त्याला कोणी काही म्हटलं नाही.

म्हणून सांगतो, लहानांना आणि मोठ्यांना तर जास्तच: कोणाचाही आवाज बंद करण्याआधी तो काय सांगतोय, ते कान देऊन ऐकावं.