विकतची घरं

“बाई, ही सगळी घरं… विकतची?”

हेमांग देवस्थळीला आपल्या आवाजातली निराशा लपवता आली नाही. नाशिकहून मनमाडला तो मोठ्या आशेनं आला होता. चित्रेबाईंच्या बैठकीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फळ्या टाकून मांडलेलं छोट्या आगगाडीचं गाव आहे, ते बघायला लांबलांबची माणसं येतात, असं त्यानं ऐकलं होतं. शाळेत याच बाईंनी त्याला भूगोल शिकवला होता.

“विकतचीच,” बाई म्हणाल्या. “खोक्यातून काढायची आणि ठेवायची. आयती. स्वस्तही पडतात.”

“पण ही तर परदेशी घरं दिसतात. धुराडी आहेत यांना!”

“छपरांवर बर्फसुद्धा होतं. ते खरवडता खरवडता माझा अख्खा श्रावण गेला. धुराडी मात्र राहू दिली.”

“का?”

“शेवंताचा बंब पेटतो तिथे.”

हेमांगनं वाकडी मान करून पाहिलं. शेवंता कुठेच नव्हती. प्लॅस्टिकचं एक घर होतं. त्याच साच्यातलं दुसरं घर पुलापाशी होतं, आणि तिसरं बोगद्यावर.

“ही तिन्ही एकसारखी आहेत, बाई.”

“जावा-जावा आहेत त्या. नवऱ्यांनी घरं एकाच गवंड्याकडून बांधून घेतली.”

हेमांगला हसू आलं, पण मनात तो खट्टू झाला. आपण ज्यांच्याकडे शिकायला आलो, त्या बाई भातुकली मांडून बसल्या आहेत, असं त्याला वाटलं. तो आर्किटेक्ट होता. मोठ्या इमारती बांधायचा आणि उरलेल्या वेळात एकच छोटी इमारत. ती त्यानं सोबत आणली होती.

त्यानं पेटी उघडली. मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं स्टेशन बाहेर काढलं आणि अलगद टेबलावर ठेवलं.

करंजघाट. डोंगरातलं लहानसं स्टेशन. काळ्या दगडाची भिंत, लाकडी खांब, तिकिटाच्या खिडकीला बोटभरही नसलेली जाळी. छपरावरचं प्रत्येक कौल त्यानं वेगळं कापलं होतं, वेगळं भाजलं होतं. दरवाजा बिजागरीवर उघडत होता.

बाईंनी चष्मा लावला. खाली वाकून कितीतरी वेळ त्या बघत राहिल्या. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

“हेमांग,” त्या म्हणाल्या, “सोन्याचा हात आहे रे तुझा.”

त्याची छाती फुगली.

“आणि गाडी कशी आहे?”

“गाडी… अजून नाही, बाई. रूळ टाकायचेत.”

“मग हे कधीपासून चाललंय?”

हेमांगनं स्टेशनाचं दार अलगद लावलं.

“स्टेशन झालं,” तो म्हणाला. “पण मागे क्वार्टर्स आहेत. पाण्याची टाकी आहे. चहाची टपरी, रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याची खोली. सगळं याच तोडीचं व्हायला हवं. असल्या स्टेशनाशेजारी स्वस्तातलं प्लॅस्टिक कसं ठेवू? वर्षाला एखादी इमारत होते. सगळं झालं की मगच गाडी.”

“करतोयस कुणासाठी?”

“अप्पांसाठी.”

अप्पा म्हणजे त्याचे वडील. करंजघाटला ते स्टेशनमास्तर होते, हेमांगचं लहानपण तिथल्याच क्वार्टर्समध्ये गेलं. मागच्या दिवाळीनंतर अप्पांना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून ते खाटेवर होते. जीभ जड झाली होती, डोकं मात्र शाबूत. मुलगा आपलं स्टेशन बनवतोय हे त्यांना ठाऊक होतं. रोज सकाळी ते विचारायचे, “आज गाडी आहे का रे?”

“मग तू काय सांगतोस?” बाईंनी विचारलं.

“सांगतो, अजून क्वार्टर्स व्हायच्यात.”

“मग ते?”

“मान हलवतात… हल्ली विचारत नाहीत.”

हे वाक्य तोंडातून गेलं आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. इतके दिवस ते असं सुटं करून त्यानं ऐकलंच नव्हतं.

बाई उठल्या. खुंटीवरची कापडी पिशवी घेतली आणि आपल्या गावाशी उभ्या राहून एकेक घर उचलायला लागल्या. पुलापाशी होतं ते. बोगद्यावरचं. शेवंताचंही. घर उचललं की खाली रंग न लागलेला चौकोन उघडा पडायचा.

“बाई, हे काय करताय? तुमचं गाव!”

“गाव कुठे जातंय? माणसं चार दिवस पाहुणी गेली म्हणून गाव ओस पडत नाही. ते रूळ सोड बघू तिकडचे. इंजिन मी घेते.”

“पण मी विकतची घरं लावणार नाही, बाई. खरंच सांगतो. मला ते जमायचं नाही.”

“तुला कोण लाव म्हणतंय?”

पिशवी भरली. बाईंनी पायांत चपला सरकवल्या.

“तुम्ही येताय?”

“तुझ्या हाती घरं दिली तर तू त्यांच्या खिडक्यांना गज बसवत बसशील. चल.”

दुपार कलायच्या आत ते नाशिकला पोचले. हेमांगच्या बायकोनं, मृणालनं, दार उघडलं. सासऱ्यांच्या खाटेला जेवणाचं टेबल लावायचं आहे म्हटल्यावर तिनं एक प्रश्नही विचारला नाही. टेबलावरचं लोणचं-मीठ उचललं आणि दुसऱ्या टोकाला हात लावला.

अप्पा उशांना टेकून बसले होते. अंग एका बाजूला कललेलं, उजवा हात मांडीवर निपचित. डावा तेवढा हलता. बाईंना बघून त्यांनी तो कपाळाशी नेला.

“मास्तर,” बाई म्हणाल्या, “गाडीची वेळ झालीय आणि गाव अजून वसलेलं नाही. जरा मदत करा.”

हेमांगनं रूळ जोडले, तारा जोडल्या. मग आपलं स्टेशन आणून अप्पांसमोर ठेवलं. तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

अप्पांनी डाव्या हाताची बोटं कौलांवरून फिरवली. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“छान,” ते म्हणाले. मग छपराकडे बोट करून, “आपलं… गळायचं.”

मृणालला हसू फुटलं. बाईही हसल्या. हेमांगला हसावं की नाही ते कळेना. कौल न् कौल त्यानं पारखून बसवलं होतं. गळकं स्टेशन करायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाईंनी पिशवीतून एक घर काढून अप्पांच्या तळहातावर ठेवलं.

“हे कुणाचं, मास्तर?”

अप्पांनी ते डोळ्यांजवळ नेलं. धुराडं पाहिलं. लाल रंगाचं दार पाहिलं. हेमांगच्या मनात आलं, आता हे म्हणणार, हे आपल्याकडचं नाही.

“सावळाराम,” अप्पा म्हणाले. “सांधेवाला.” आणि त्यांनी ते सिग्नलच्या पुढे नेऊन ठेवलं. बरोबर तिथेच, जिथे सावळारामची खोली होती.

“आणि हे?”

“टपरी. हुसेनभाईंची. चहात… आलं जास्त.”

“हे?”

“गँगमन लोकांचं. रात्री… भजन.”

घरं संपत आली. अप्पांच्या कपाळावर घाम आला होता. मृणालनं तो पदरानं टिपला. ते थांबायला तयार नव्हते. सांधेवाल्याला मुलगी झाली तेव्हा वाटलेले पेढे, घाटात रुळावर आलेली दरड, इंजिनच्या गरम पाण्यात कुणी उकडलेली अंडी… तुटक शब्दांत एकेक गोष्ट बाहेर पडत होती. सगळी घरं जवळजवळ सारखीच होती, पण अप्पा एकदाही चुकले नाहीत. हेमांगला यातलं अर्धंअधिक ठाऊकच नव्हतं.

शेवटचं घर बाईंनी नुसतंच अप्पांच्या हातात ठेवलं.

अप्पांनी ते छातीशी धरलं.

“आपलं,” ते म्हणाले. “तुझी आई… ओट्यावर. निवडत बसायची. गाडी आली की… वर बघायची.”

हात सावकाश पुढे गेला. घर टेबलावर टेकलं, घसरलं, तिरकं झालं, स्टेशनाकडे अर्धी पाठ करून बसलं. अप्पांनी बोटं सोडली.

बाईंनी हेमांगला खूण केली. त्यानं कळ फिरवली.

इंजिन हललं. सावळारामच्या दारावरून, हुसेनभाईंच्या टपरीवरून, वळण घेत घेत गाडी करंजघाटला आली. अप्पांचा डावा हात उशीवरून उठला आणि खांद्याच्या वर ताठ उभा राहिला, निशाण धरावं तसा. गाडी निघून गेल्यावरच तो खाली आला. मग ते हसले. तोंड एका बाजूलाच हसत होतं, डोळे मात्र दोन्ही.

“परत,” ते म्हणाले.

गाडी परत आली. पुन्हा आली.

हेमांगला काहीतरी करायला हवं होतं, आणि त्याच्या हातांना एकच गोष्ट येत होती. त्याची नजर त्या शेवटच्या घराकडे गेली. क्वार्टर्स स्टेशनाला समांतर होत्या. त्याच्याकडे नकाशा होता.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “एवढं एकच घर वाकडं लागलंय. सरळ करतो.”

त्यानं हात पुढे केला. बाईंनी त्याचं मनगट धरलं. शाळेत खडू हिसकावणाऱ्या पोराचं धरावं तसं, घट्ट, पण न दुखेल असं.

अप्पा एका बाजूला कललेल्या मानेनं त्या घराकडे एकटक बघत होते; त्याचं दार नेमकं त्यांच्याकडे वळलेलं होतं.

“घर सरळच आहे रे,” बाई म्हणाल्या. “तू जरा वाक.”