उशाशी ठेवलेला कामठा

"बरं झालं, सून अबोल मिळाली. बोलकी असती तर आल्या दिवशीच पोराचं भोळेपण ओळखलं असतं." सासूबाई चुलीपाशी नणंदेला सांगत होत्या. मी दाराआड तांदूळ निवडत होते.

तर एका गावात एक भोळा नवरा होता. गाव माझं सासर, नवरा माझाच. नाव घेत नाही.

लग्नात माझ्या वडिलांनी ह्यांना स्वतः घडवलेला कामठा दिला, लाकडी धनुष्य. म्हणाले, "उशाशी ठेवा." हे त्यावर डोकं ठेवून झोपले. सकाळी कामठा मधोमध चिरला होता.

आमच्याकडे नवा जावई पहिल्यांदा येतो तेव्हा शिवेवरच्या झाडाला नारळ टांगतात. सासऱ्याच्या कामठ्याने बाण मारून तो फोडला तर मुलगी माहेरात शिरते. नाही तर वर्षभर माहेर नाही. जायला आठ दिवस होते.

हे जालम सुताराकडे गेले. तो म्हणाला, कामठ्याला आधी तेल पाज. ह्यांनी चमच्याने पाजलं. पीत नाही म्हणून तक्रार घेऊन गेले. जालम म्हणाला, पाजायचं म्हणजे फडक्याने चोळायचं.

दुपारी सासूबाई म्हणाल्या, बैलाला पाणी पाज. हे ओल्या फडक्याने बैल चोळत बसले. बैल तहानेला तो तहानेलाच. सासूबाईंनी शिकवलं, "अरे, तोंड बादलीत घालायचं."

दुसऱ्या दिवशी जालम म्हणाला, आता चिरेचं तोंड बुजव. ह्यांनी ते तोंड बादलीत घातलं. चीर बोटभर वाढली. जालम कपाळ धरून म्हणाला, "तोंडात डिंक भरायचा, वरून सुतळी आवळायची आणि दोन दिवस सोडायची नाही."

हे घरी आले तर मामंजी ओसरीवर डोळे मिटून बसलेले. म्हणाले, "तोंड आलंय रे माझं. काहीतरी लाव."

मामंजींच्या तोंडावरची सुतळी सासूबाईंनी विळ्याने कापली. डिंकाबरोबर अर्धी मिशी आली. मग सासूबाईंनी ह्यांना समोर बसवून बजावलं, "ह्यापुढे सांगितलं तेवढंच करायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

कामठा मात्र कुणाला आठवला नाही. मी तो सावलीत वाळवला, डिंक भरला, सुतळी आवळली. कामठे करणाऱ्याची मुलगी मी. पण मला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, जालमने केला.

आठव्या दिवशी आम्ही सासूबाईंसकट माझ्या माहेरच्या शिवेवर उभे. नारळ उंच फांदीला. माझे काका पुढे होऊन म्हणाले, "जावई, फोडा नारळ."

ह्यांनी कामठा जपून खोडाला टेकवला. झाडावर चढले. नारळ सोडून खाली आणला, शिवेच्या दगडावर आपटला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. पहिला तुकडा काकांना.

सासूबाई जमिनीकडे बघू लागल्या. काका तुकडा हातात धरून म्हणाले, "ह्याला फोडला म्हणायचं का?"

मी पदर सारखा केला.

"काका, फोडा म्हणालात, फोडला. बाणाचं नाव कुणी काढलं होतं? चला आत, आई वाट बघतेय."