चोखणीचं लग्न

राजपुत्र रणधुरंधरराजे चार वर्षांचे झाले, तरी त्यांच्या तोंडातली लाकडी चोखणी काही सुटेना!

जेवताना एका गालात चोखणी, दुसऱ्या गालात भात. आंघोळीला चोखणी, झोपेत चोखणी. दरबारी चित्रकाराने तर त्यांच्या चित्रात नाकाच्या जागीही चोखणीच काढली. म्हणाला, "नाक दिसलंच नाही मला!"

वैद्यबुवांनी चोखणीला कारल्याचा रस लावून पाहिला. राजपुत्रांना कारलं आवडायला लागलं. सेनापतींनी चोखणी हिसकावून पाहिली. राजपुत्र असे रडले, असे रडले, की पागेतले घोडे शेजारच्या राज्यात पळून गेले. सेनापती अजून कानात कापूस घालून हिंडतात.

शेवटी दणकटराव महाराज गरजले, "ही चोखणी केली कोणी?"

"लाकडी खेळणी घडवणाऱ्या धोंडू कातारीनं, महाराज."

"इतकी चांगली करायची गरज काय होती? टाका त्याला कोठडीत! दसऱ्यापर्यंत चोखणी सुटली नाही, तर धोंडू राज्यातून बाहेर!"

दुसऱ्या दिवशी धोंडूची मुलगी आवडी दरबारात हजर.

"महाराज, चोखणी मी सोडवते. माझ्या बाबांना सोडा."

"आधी चोखणी!" महाराजांनी बोटांवर मोजत अटी सांगितल्या. "हिसकावायची नाही. लपवायची नाही. तिला काही कडू-तिखट लावायचं नाही. त्यानं आपल्या हातानं दिली पाहिजे. आणि राजपुत्राच्या डोळ्यातून एक टिपूस जरी आलं, तर तूही बापाशेजारी!"

"चालेल. पण लग्नाचा खर्च तुमचा."

"लग्न? कोणाचं?"

"ते मुलीच्या बापाला विचारून सांगते," असं म्हणून आवडी थेट राजपुत्रांच्या महालात शिरली.

राजपुत्र चोखत बसले होते. आवडीनं समोर एक लाल खुळखुळा ठेवला. त्याला इवल्याशा मुंडावळ्या बांधल्या होत्या.

"बाळराजे, तुमच्या मुलीला स्थळ आणलंय."

राजपुत्रांनी बोलण्यापुरती चोखणी काढली. "कुठली मुलगी?"

"ती काय तुमच्या हातात! चार वर्षं झाली, अजून बापाच्या तोंडात! लोक काय म्हणतील?"

राजपुत्रांनी चोखणीकडे पाहिलं. हा विचार त्यांनी केलाच नव्हता.

"मुलगा कसा आहे?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"मी स्वतः लाकूड कातून घडवलाय, म्हणजे माझाच मुलगा. रंगानं लाल, स्वभावानं बोलका. डोकं जरा पोकळ आहे, पण गोल आहे."

राजपुत्रांनी खुळखुळा हलवून पाहिला. खुळखुळ! "हसतो छान," ते म्हणाले. "ठरलं!"

राजज्योतिष्यांनी नाक मुरडलं. "दोघं एकाच झाडाची असतील तर सगोत्र होतील हो!"

"मुलगी शिवणीची, मुलगा आंब्याचा," आवडी म्हणाली. ज्योतिष्यांनी मुकाट्यानं छत्तीस गुण जुळवले.

दसऱ्याला बार उडाला! महाराजांचा शेला अंतरपाट झाला. भटजींनी मंगलाष्टकं म्हटली. राजपुत्रांनी छाती फुगवून कन्यादान केलं आणि चोखणी आपल्या हातानं चिमुकल्या पालखीत ठेवली.

"नीट राहा हं," ते तिला म्हणाले. "सासूबाईंचं ऐक. सारखी सारखी माहेरी येऊ नकोस."

सनई वाजली. वरात निघाली, आणि दारातच थांबली.

"काय झालं?" महाराज ओरडले.

"जायचं कुठे?" आवडी म्हणाली. "घरचं वडीलधारं माणूस कोठडीत. नव्या सुनेला माप ओलांडायला तिथंच नेऊ का?"

राजपुत्रांनी पाय आपटला. "माझी लेक कोठडीत नांदणार नाही!"

महाराजांना शंका आली. ही पोरगी फसवतेय! बाळानं चोखणी आज दिली, उद्या परत मागेल! त्यांनी पालखीतून चोखणी उचलली आणि राजपुत्रांपुढे धरली.

"घे बाळा, शेवटची एकदा चोखून घे."

राजपुत्रांनी दोन्ही हात मागे नेले. "आबासाहेब! लग्न झालेल्या लेकीला कोणी तोंडात घालतं का?"

महाराजांनी घाईघाईनं चोखणी पालखीत ठेवली आणि तिच्या डोक्यावरचा पदरही नीट केला.

एवढ्यात प्रधानजी ओरडले, "अट मोडली! पाठवणीला रडू आलंय! ती बघा, आसवं!"

सगळ्यांनी पाहिलं. राजपुत्रांचे डोळे कोरडे ठणठणीत होते. महाराजांच्या मिशीतून मात्र टपटप पाणी गळत होतं.

"अट राजपुत्रांना होती," आवडी म्हणाली. "मुलीच्या आजोबांना रडायची मोकळीक आहे!"

महाराज आधी हुंदका देत होते, त्यातच त्यांना हसू फुटलं. "सोडा! सोडा त्या धोंडूला!"

धोंडू डोळे चोळत बाहेर आला. राजपुत्रांनी धावत जाऊन त्याच्या गुडघ्यांना मिठी मारली आणि व्याहीभेट म्हणून हातावर गुळाचा खडा ठेवला. धोंडूला काहीच कळेना, पण त्यानं गूळ खाल्ला.

"पोरी, आता तू काय मागशील ते!" महाराज म्हणाले.

"मला काही नको, महाराज. पण जावई रुसलाय. मघापासून बोलत नाही."

महाराजांनी खुळखुळा कानाशी धरून हलवला. आवाज नाही! जोरात हलवला. तरी नाही!

"काय म्हणणं आहे त्याचं?"

आवडीनं खुळखुळ्याला कान लावला. "नदीकाठची शिवणीची राई पाहिजे म्हणतोय. सासुरवाडीची आठवण म्हणून!"

महाराज एवढे हसले, की पगडी घरंगळत प्रधानजींच्या पायाशी गेली. "दिली! राई दिली! आता तरी बोल म्हणावं!"

आवडीनं खुळखुळ्याच्या भोकातला कापसाचा बोळा हळूच काढला.

खुळ खुळ खुळ!

"हसला!" राजपुत्र दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत ओरडले. "आबासाहेब, जावई हसला!"