उस्तादांना विचारलेला शर्ट

“…आणि लग्न सकाळी अकराला लागून जेवणावळ रात्री दहापर्यंत चालणार असेल, उस्ताद, तर शर्ट दिवसाचा धरायचा की संध्याकाळचा?”

केरबा उस्ताद शेंगा फोडत होते. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला.

“शर्टाला दिवस-रात्र असते व्हय?” त्यांनी विचारलं.

इंद्रजित शेलारला हसू आलं नाही. किल्टवर, म्हणजे स्कॉटलंडातल्या पुरुषांच्या चुणीदार घागऱ्यावर, कुठल्या वेळी काय घालायचं याचे नियम आहेत, आणि ते सगळे त्याला पाठ होते. त्याने ते उस्तादांना सांगितलेही. उस्तादांनी निम्मी मूठ शेंगा संपेपर्यंत ऐकून घेतले.

केरबा उस्ताद पलटणीच्या बँडमध्ये चोवीस वर्षं बॅगपाइप वाजवून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. बँडचा वेश म्हणून त्यांनीही किल्ट घातला होता. रजेवर आले की गावातली माणसं विचारायची, केरबा, घागरा आणलास का? ते म्हणायचे, आणलाय की, तुला नेसायचाय का? सातारच्या बाजूच्या त्या गावात शाळेतल्या पोरांना हे वाद्य शिकवणारा तो एकच माणूस, आणि इंद्रजित त्यांचा सगळ्यात चांगला चेला. पुढे तो इंजिनिअर झाला, नोकरीला थेट स्कॉटलंडला गेला आणि तिथल्या एका गावच्या बँडात वाजवू लागला. ज्यांचं वाद्य त्यांच्यातच जाऊन वाजवतो, याचा त्याला अभिमान होता. थोडा जास्तच होता.

आता तिथल्याच मुलीशी त्याचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं, आणि तो थोड्या दिवसांसाठी गावी आला होता. मुलीचं नाव आयला. हे नाव गावात मोठ्यांसमोर उच्चारायची पंचाईत, म्हणून सगळे तिला आधीपासूनच सूनबाई म्हणत.

वधूला चर्चच्या दारापर्यंत बॅगपाइप वाजवत न्यायचं असतं. ते नवऱ्यानेच करावं, अशी आयलाची इच्छा होती. तिच्या वडिलांनी त्यासाठी आपला स्वतःचा किल्ट दिला होता.

त्यावरचा शर्ट तेवढा ठरत नव्हता.

इंद्रजितने बाजेवर तीन शर्ट मांडले. उस्तादांनी हात झटकले आणि बॅगपाइपच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

“घालून वाजव.”

पहिला शर्ट झालरीचा होता. गळ्याशी झालर, मनगटाशी झालर. इंद्रजित वाजवायला लागला आणि मनगटाची झालर बोटांखाली सरकली. दोन सूर गुदमरले.

“दुसरा,” उस्ताद म्हणाले.

दुसरा सैल, गळ्याशी कातडी दोरी ओवलेला. जुन्या पहाडी लढवय्यांचा म्हणून दुकानदार तो विकतात. त्याच्या बाहीचं कापड काखेत गोळा झालं आणि पिशवी घसरू लागली.

“तिसरा.”

तिसरा कडक, उभ्या कॉलरचा. वर काळा बो टाय. फुंकून हवा भरताना कॉलर हनुवटीखाली रुतली. त्याचा चेहरा लाल झाला, आणि खांद्यावरच्या नळ्यांचा अखंड घुमारा मध्येच डगमगला.

उस्तादांनी आणखी एक शेंग फोडली.

इंद्रजितने बो ओढून काढला, शर्ट काढून बाजेवर टाकला आणि नुसत्या बनियनवर, थोड्या रागातच, पिशवी पुन्हा काखेत घेतली.

या वेळी मात्र सूर सरळ उठला. शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनेही मान वर केली. उस्तादांच्या पायाचा अंगठा ठेका धरू लागला.

वाजवणं संपलं तेव्हा इंद्रजितचा राग ओसरला होता. त्याला वाटलं, कळलं. उस्तादांना काय शिकवायचं आहे ते नेमकं कळलं. तो वाकून पाया पडला आणि म्हणाला, “समजलं, उस्ताद. शर्टाला महत्त्व नाही.”

“कोण म्हणालं?”

“म्हणजे… तुम्हीच आता…”

“लग्नाला बनियनवर जाणार हाईस?”

इंद्रजित उभाच राहिला. उस्तादांनी त्याला शेजारी बसायची खूण केली आणि शेंगांची परात मधे सरकवली.

“आता खरं बोल. एवढं घाबरलायस कशाला?”

मग त्याने सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या बँडाने एका जत्रेत वाजवलं होतं. वाजवणं झक्क झालं. तंबूमागे पाणी पिताना त्याने दोन माणसांचं बोलणं ऐकलं. एक म्हणाला, पोरगा वाजवतो बरा. दुसरा म्हणाला, हो, पण अंगावरचं सगळं भाड्याने आणल्यासारखं दिसतंय. त्यात वाईट हेतू नसेलही. पण त्या दिवसापासून इंद्रजितने पुस्तकं वाचली, दुकानं पालथी घातली, नियम पाठ केले. आयलाच्या दारात तरी आपण भाड्याचे दिसू नये, एवढंच त्याला हवं होतं.

उस्तादांनी ऐकून घेतलं. त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

मग त्यांनी किल्ट मागितला.

त्यांनी तो मांडीवर घेतला, पण चुण्या पाहिल्या नाहीत, चौकटीचे रंगही पाहिले नाहीत. उलटा करून कमरेचा कातडी पट्टा बोटांनी चाचपू लागले. पट्ट्याला पाच भोकं होती. पहिलं ताणून लांबट झालं होतं. दुसरंही तसंच, तिसरंही. चौथं थोडं कमी. पाचवं नुसतं टोचलेलं, सुरीने घरी पाडल्यासारखं.

“माणूस जाड होत गेलाय,” उस्ताद म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. “घरात खायला प्यायला बरं मिळालं म्हणायचं. बायको हाय?”

आयलाची आई सहा वर्षांपूर्वी गेली, असं इंद्रजितने सांगितलं. मॉरीन तिचं नाव. त्याने तिला पाहिलेलं नव्हतं.

उस्तादांनी किल्टची घडी घातली, चुण्या एकेक जुळवत.

“हा माणूस ह्याच्यावर काय घालायचा?”

“कोण?”

“ज्याचा हाय तो.”

 इंद्रजितने दुकानदारांना विचारलं होतं. बँडातल्या दहा जणांना विचारलं होतं. परक्या माणसांना पत्रं लिहून विचारलं होतं. आयलाच्या वडिलांना, मिस्टर मॅकिनन यांना, मात्र विचारलं नव्हतं. चाळीस वर्षं फेरीबोटीवर काढलेला तो म्हातारा, कमी बोलणारा. त्याला कपड्यांतलं काय विचारायचं, असं इंद्रजितला वाटलं होतं.

“लाव फोन,” उस्ताद म्हणाले.

इकडे दुपार टळत होती, तिकडे सकाळ होती. म्हाताऱ्याने फोन उचलला. इंद्रजितने आधी हवापाण्याचं विचारलं. मग मुद्द्याचं विचारलं. पलीकडे किटलीची शिट्टी वाजत होती. ती बंद झाली.



“मॉरीन जो इस्त्री करून ठेवायची, तो,” म्हातारा म्हणाला.

मग तो सावकाश बोलत गेला. इंद्रजित हळू आवाजात उस्तादांना मराठीत सांगत गेला. साधा पांढरा शर्ट, मऊ कॉलरचा. मॉरीनला झालरी आवडत नसत. म्हणायची, पडदे खिडकीला शोभतात. एका पुतण्याच्या लग्नासाठी तिने तो शर्ट इस्त्री करून कपाटात अडकवला, आणि त्याच आठवड्यात ती आजारी पडली. लग्नाला जाणं झालं नाही. शर्ट तसाच कपाटात आहे. कॉलर जरा विरलीय. आपल्याला तो तेव्हाही तंग होत होता, आता तर त्यात मावतच नाही. पण तो शिवला तेव्हा, इंद्रजितच्या वयाचे असताना, आपण त्याच्याच अंगाचे होतो.

म्हातारा थांबला. मग म्हणाला, किल्ट दिला तेव्हाच शर्टही काढून ठेवला होता. पण तू आयलाला रोज नवनव्या शर्टांचे फोटो पाठवत होतास. म्हटलं, पोरगा चोखंदळ आहे, कशाला त्याला संकोचात पाडा.

 दोन वर्षांत पहिल्यांदाच इंद्रजितने त्या माणसाला नावाने हाक मारली. “अँगस,” तो म्हणाला, “माझ्यासाठी ठेवा तो.”

पलीकडून एक खाकरणं ऐकू आलं, आणि फोन बंद झाला.

अंगणात ऊन तिरपं झालं होतं. बाजेवरचे तिन्ही शर्ट इंद्रजितने गोळा केले आणि बॅगेत कोंबले. उस्ताद आत जाऊन दोघांसाठी चहा घेऊन आले. बशीत ओतून दोघं प्याले.

चहा पिता पिता इंद्रजितच्या डोक्यात पुन्हा चक्र सुरू झालं. तो म्हणाला की परवा पोचल्या पोचल्या शर्ट हातात घेतो. कॉलर विरलीय, ती बघायला हवी. सहा वर्षं अडकवलेला आहे, मापाला कसा बसतोय कोण जाणे…

“कॉलर विरली असंल तर दोन टाके घाल,” उस्ताद म्हणाले. “बटण तुटलं असंल तर लाव. बाह्या लांब झाल्या तर दुमड.”

इंद्रजितने मान डोलावली.

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

“इस्त्री तेवढी करू नकोस.”