वार आणि पान्हा

देहातले अवयव एकमेकांशी मोकळेपणाने बोलत, त्या काळची गोष्ट. केसर नावाच्या बाईच्या पोटात बाळ होतं आणि बाळाला आईशी जोडणारी वार होती. वार भाकरीएवढीच, पण सगळा देह तिच्या शब्दावर चाले. आईच्या रक्तातून थोडं घ्यायची, बाळाकडून थोडं मागायची आणि त्यातून संप्रेरकांचे रस बनवायची. त्या रसांनी गर्भाशय शांत राही आणि छाती दुधासाठी तयार होई, पण दूध मात्र अडून राही.

छातीत पान्हा राहायचा. एक दिवस तो कुरकुरला, "वारमावशी, मला तयार तूच केलंस. मग वाट का अडवतेस?"

"बाळ अजून माझ्याकडे जेवतंय, पोरा. मी आहे तोवर तू थांबायचंस."

"म्हणजे तुला अधिकार सोडवत नाही!"

वार रस बनवत राहिली.

दिवस भरले. बाळ जन्मलं आणि पाठोपाठ वार बाहेर आली. "पुरती पडली गं बाई," म्हणत सुईणीने ती परसात पुरली.

बाळाने आधी चिकाचे थेंब चाखले. दोन-तीन दिवसांत वारेच्या रसांचा अंमल ओसरला आणि पान्हा असा फुटला, की केसरची चोळी भिजली.

"मावशी, सुटलो मी!" पान्हा ओरडला. "दार उघडलं तरी कोणी?"

परसातल्या मातीतून उत्तर आलं नाही. तेव्हा कुठे त्याला उमगलं. दार उघडायचं तर मावशीला जावं लागणार होतं, आणि हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.