नकुशीचे दुसरे बारसे

बाळाच्या कानात नाव सांगितले की आत्याला पैठणी, वर पहिल्या पंगतीचा मान. गौराबाईंनी हा लाभ आदल्या दिवशीच मनात घडी घालून ठेवला होता. त्या काळी घोंगडीबुवा महाराजांचा मुक्काम उंबरदरी गावी, ओढ्याकाठच्या मठात होता; पण मठाच्या वाटेला गौराबाई कधी गेल्या नाहीत. तिथे मिळणार काय, तर अंगारा!

त्यांच्या भावाला, येसाजीला, उशिरा मुलगा झाला होता. आधी दोन मुली. थोरली तान्हेपणीच गेली. धाकटीच्या बारशाला आत्याची बोळवण नुसत्या खणावर झाली, तेव्हा फणकाऱ्याने गौराबाईंनी तिच्या कानात नाव सांगितले : नकुशी. म्हणजे नको असताना आलेली. असे नाव ठेवले की पाठीवर मुलगा होतो, ही तिकडची रीत. आता तो झाला, तेव्हा त्याचेही श्रेय आत्याचेच की!

नकुशी रोज पहाटे मठ झाडी. "काय गं, इतकं झाडून तुझ्या बुवांनी एक बरं नाव तरी दिलं का तुला?" गौराबाई हसत. बारशाच्या दुपारी तर त्यांनी तिला दारातच अडवले. "उंबऱ्याबाहेर थांब. तुझी सावली नको पाळण्यावर."

"कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झाले. गौराबाई वाकल्या. त्यांच्या पाठीत धपाटे घालायला बायांनी हात उचलले. मनात नाव होते रघुनाथ, तोंडातून निघाले, "नकुशी."

"ओ," पाळण्यातून उत्तर आले.

आवाज तान्ह्याचा नव्हता. जाणत्या मुलीचा होता. आणि दारात उभ्या नकुशीचे ओठ तर मिटलेले!

उचललेले हात वरच राहिले. गौराबाईंनी पुन्हा जोर केला. पुन्हा "नकुशी", पुन्हा "ओ". दर हाकेला बाळ गार पडत चालले. आधी पाय, मग पोट. डोळे उघडे, पण पापणी लवेना. दोरी कुणाच्याच हातात नव्हती, तरी पाळणा हलत होता.

येसाजी धावत जाऊन महाराजांना घेऊन आला. महाराजांनी पाळण्याकडे पाहिलेच नाही. ते नकुशीपाशी थांबले.

"बाई, हिला तुम्ही जन्मतःच दारात अडवलंत," महाराज म्हणाले. "ती आत आल्याशिवाय तिच्या पाठचा कसा येईल? कानात घातलंत, ते कानातूनच काढा."

"मग हिचं नाव काय ठेवू, महाराज?"

"हिच्या आईला विचारा."

बाळंतिणीला हुंदका फुटला. "थोरली गेली तवा मठात नवस बोलले व्हते, वन्सं. माझी लेकच मला माघारी दे म्हनून. लोकं मुलगा मागत्यात, म्या मुलगी मागितली, सांगू कुनाला? नवसाबाई ठिवायचं मनात व्हतं."

गौराबाईंनी भाचीला हाताला धरून उंबऱ्याच्या आत घेतले. तिच्या कानाशी तोंड नेले, तर तो कान बाळाच्या पायांइतकाच गार!

"नवसाबाई," त्या कशाबशा म्हणाल्या.

"ओ," नवसाबाई म्हणाली. या वेळी स्वतःच्या तोंडाने.

बायांचे वर राहिलेले हात धाडकन गौराबाईंच्या पाठीवर आले, आणि बाळाने टाहो फोडला. काय तो गोड टाहो!

गौराबाई महाराजांच्या पायांवर कोसळू लागल्या, तसे महाराज मागे सरले. "माझे कशाला? जिला अडवलंत तिचे धरा."

त्यांनी धरले. पैठणीही स्वतःच्या हाताने भाचीच्या खांद्यावर घातली. म्हणजे गौराबाईंची पैठणी गेली, मानही गेला. पण उंबऱ्याबाहेर सरलेल्या बालपणाची भरपाई कुणाच्यानेच झाली नाही. त्याची किंमत नवसाबाईने एकटीने मोजली होती.